टाका जागेवर, जोड मात्र सुटला

आतड्याचं ऑपरेशन होतं, पेशंट तिसऱ्या दिवशी उठून बसतो, सगळे खूश, आणि सहाव्या-सातव्या दिवशी अचानक ताप, पोट फुगलेलं, नाडी वाढलेली, आणि परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. जोड, म्हणजे आतड्याची कापलेली दोन टोकं जिथे एकमेकांना शिवली ती जागा, लीक झाला. अशा वेळी घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टाकेच नीट घातले नव्हते". आता कधीकधी ते खरंही असेल, पण चांगला हात असलेल्या सर्जनने सगळं व्यवस्थित पाळून केलेले जोडसुद्धा लीक होतात. रेक्टमच्या (गुदाशयाच्या) अगदी खालच्या भागात तर हे प्रमाण साधारण दहात एक असं धरतात. आणि वैताग म्हणजे पोट परत उघडून बघावं तर कधीकधी टाके जिथल्या तिथे, गाठीही घट्ट, फक्त त्यांनी जे धरून ठेवलं होतं ते टिशूच विरलेलं.

मुळात टाक्यांकडून आपली अपेक्षाच चुकीची असते. सर्जनचा टाका हा शिंप्याच्या कच्च्या टाक्यासारखा, पक्की शिवण शरीरच घालतं आणि त्यासाठी त्याला दोरा लागतो कोलॅजेनचा, म्हणजे टिशूला बळकटी देणाऱ्या प्रोटीनचा. आतड्याच्या भिंतीत हे कोलॅजेन मुख्यतः सबम्युकोसा नावाच्या थरात असतं, आणि टाका त्या थरातून गेला तरच धरतो हे हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जनने १८८७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं. गंमत अशी की ऑपरेशननंतरचे पहिले तीन-चार दिवस जोड मजबूत व्हायच्या ऐवजी आणखी कमजोर होतो, कारण कापलेल्या कडेचं जुनं कोलॅजेन शरीर आधी विरघळवून साफ करतं आणि नवं बनायला वेळ लागतो. म्हणजे जुनं गेलंय, नवं पुरेसं आलेलं नाही, आणि सगळा भार कच्च्या टाक्यावर. सगळा खेळ या दिवसांतला आहे.

कोलॅजेनची ही मोडतोड आणि बांधणी जखम भरल्यावरही चालूच असते, आपल्याला पत्ता नसतो इतकंच. १७४० च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या कमोडोर अॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) माणसं पटापट मरत होती, तेव्हा एका वयस्कर सैनिकाच्या जखमा परत उघडल्याची नोंद आहे. त्या जखमा होत्या १६९० च्या लढाईतल्या, पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या! इतकंच नाही तर त्याचं जुनं जुळलेलं हाडही परत सुटलं. क जीवनसत्त्व नसलं की नवं कोलॅजेन धड बनत नाही आणि जुनं तुटायचं काही थांबत नाही. (यावरून लगेच कोलॅजेन पावडरचा डबा मागवू नका. खाल्लेलं कोलॅजेन पोटात इतर प्रोटीनसारखंच पचतं, तुकडे होतात, ते अख्खंच्या अख्खं जखमेवर जाऊन चिकटत नाही.)

आता माझा आवडता भाग. कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती इतक्या घट्ट वळलेल्या असतात की साधी प्रोटीन कापणारी एन्झाइम्स तिथे काही करू शकत नाहीत. त्या कामासाठी शरीराकडे एमएमपी नावाचं एन्झाइम्सचं कुटुंब आहे, त्यातली काही अख्खी साखळी तोडतात आणि एमएमपी-९ सारखी त्या तुकड्यांचा पुढे चुरा करतात. अशी धोक्याची वस्तू शरीर उघड्यावर ठेवत नाही. एमएमपी-९ पेशीतून बाहेर पडतं ते बंद अवस्थेत, त्याच्याच साखळीचा एक तुकडा त्याच्या झिंकच्या अणूवर बसलेला असतो, तो कोणीतरी कापून काढला की मगच एन्झाइम चालू होतं.

हे 'कोणीतरी' बॅक्टेरिया असू शकतो. एन्टेरोकॉकस फेकॅलिस हा बॅक्टेरिया आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा, एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्याकडे जेलई नावाचं एन्झाइम आहे, तेही झिंकवालंच. ते स्वतः कोलॅजेन खातं आणि वर एमएमपी-९ चा तो तुकडा काढायला मदत करून आपलंच एन्झाइम आपल्यावर सोडतं. आणि हे जेलई तो कायम बनवत बसत नाही. प्रत्येक बॅक्टेरिया ११ अमिनो आम्लांचं एक छोटं रेणू बाहेर सोडत असतो, आजूबाजूला गर्दी वाढली की त्या रेणूचं प्रमाण वाढतं, ते पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला कळतं, तो आतल्या दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट देतो आणि मग जेलईचं जीन आणि त्याच्या शेजारचं एसपीआरई (प्रोटीन कापणाऱ्या आणखी एका एन्झाइमचं) ही दोन्ही जीन्स एकदम चालू होतात. याला कोरम सेन्सिंग म्हणतात. एकेकटे असताना गप्प, जमले की कामाला लागले.

शिकागो विद्यापीठातल्या जॉन अल्व्हर्डी यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. ज्यांचे जोड लीक झाले त्यांच्यात जास्त कोलॅजेन तोडणारे एन्टेरोकॉकस सापडले. जोडाच्या जागेवरच थेट अँटिबायोटिक लावलं किंवा एमएमपी-९ ला औषधाने आवर घातला की लीक टळलं, पण नेहमीप्रमाणे शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकने ते बॅक्टेरिया तिथून गेले नाहीत. यात फार आश्चर्य नाही, कारण ऑपरेशनआधी सर्रास देतात ती सेफॅलोस्पोरिन्स गटातली अँटिबायोटिक्स एन्टेरोकॉकसवर मुळात चालतच नाहीत.

याच गटाचं २०१२ चं काम तर मला जास्त भारी वाटतं. त्यांनी उंदरांच्या आतड्यात सुडोमोनास नावाचा बॅक्टेरिया सोडला आणि लीक झालेल्या जागेवरून परत काढला तर तो बदललेला होता, टिशू तोडणारा झाला होता, आणि फरक काय, तर मेक्सटी नावाच्या एका जीनमधलं एक अक्षर.

आता डेटाचं बघा. बॅक्टेरियांची यादी काढायची नेहमीची पद्धत म्हणजे १६एस जीन वाचणं. सुमारे १५०० अक्षरांचं हे जीन, बहुतेक वेळा त्यातला तुकडाच वाचतात, त्यावरून बॅक्टेरियाचं कूळ कळतं. पण मेक्सटीतलं ते एक अक्षर या यादीत दिसणारच नाही, कारण ते जीनच वेगळं आहे. जेलई आहे का हेही दिसणार नाही, आणि असलं तरी आत्ता चालू आहे का हे तर डीएनए वाचूनही कळत नाही, त्यासाठी आरएनए किंवा प्रत्यक्ष एन्झाइम मोजावं लागतं. म्हणून ते रंगीत गोलांचे मायक्रोबायोम (आतड्यातल्या बॅक्टेरियांचे) रिपोर्ट, 'तुमचे चांगले बॅक्टेरिया इतके टक्के, वाईट इतके टक्के', बघितले की मला हसू येतं. एन्टेरोकॉकसला कुठल्या रकान्यात घालणार, सकाळी चांगला आणि गर्दी झाली की वाईट?

मग सगळ्यांनाच मारून टाका की, असं कोणी म्हणेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तोंडाने अँटिबायोटिक देऊन आतडं साफ करायची पद्धत आहेच, त्याने जखमेचं इन्फेक्शन कमी होतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं, पण सगळ्या ट्रायल्सचं उत्तर एक आलेलं नाही. शिवाय सरसकट मारलं की निरुपद्रवी बॅक्टेरियाही जातात आणि रिकाम्या जागेत औषधाला दाद न देणारे पसरतात. म्हणून अल्व्हर्डींच्या गटाने उलट्या बाजूने विचार केला. सुडोमोनाससारख्यांना फॉस्फेट कमी पडलं की ते आक्रमक होतात, आणि ऑपरेशनच्या ताणात आतड्यातलं फॉस्फेट कमी होतंच, तर मग त्यांना फॉस्फेटच पाजायचं. तोंडाने पॉलिफॉस्फेट दिलेल्या उंदरांमध्ये सुडोमोनास आणि सेरेशिया हे बॅक्टेरिया मेले नाहीत, तिथेच राहिले, पण कोलॅजेन तोडणारं एन्झाइम बनवणं त्यांनी कमी केलं आणि जोड टिकले.