उंचीची शिल्लक: विंगसूट उडीतला खरा धोका

विंगसूट घालून कड्यावरून झेपावलेला माणूस पहिले काही क्षण उडत नसतो, निव्वळ पडत असतो. हातापायांमधल्या कापडी पंखांत हवा भरायला आणि त्या पंखांनी वजन पेलायला आधी वेग लागतो. पहिल्या 3 सेकंदांतच जवळपास 44 मीटर उंची खर्च होते. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनसारख्या दरीत कड्याची धार आणि खालचा पहिला पुढे आलेला खडक यांतलं अंतर लेझरने आधी मोजून ठेवतात. घाबरून छाती लवकर वर उचलली, तर वेग येतच नाही आणि तो खडक जवळ येतो.

हवा विरळ असेल तर हा खर्च आणखी वाढतो. 2006 मध्ये ग्लेन सिंगलमन आणि हेदर स्वॉन यांनी गढवालच्या मेरू पर्वतावरून, 6,604 मीटरवरून विंगसूट उडी घेतली. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी. तेवढीच उचल मिळायला वेग 1.4 पट हवा, आणि तो वेग मिळवायला साधारण दुप्पट उंची गमवावी लागते.

सूट उडू लागला की हिशेब वाऱ्याचा. समजा, सेकंदाला 50 मीटर पुढे आणि 20 मीटर खाली, म्हणजे ग्लाइड रेशो (दर मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातो) 2.5. एक किलोमीटर पुढे जायला 400 मीटर उंची पुरते. आता समोरून सेकंदाला 10 मीटरचा वारा आणि 3 मीटरने खाली दाबणारी हवा धरा: पुढे 40, खाली 23. त्याच एका किलोमीटरला आता सुमारे 575 मीटर लागतात! शाळेच्या भूगोलातले दरीय आणि पर्वतीय वारे इथे जिवावर उठतात. ऊन चढण्याआधीची शांत सकाळ बरी, आणि कड्याची वाऱ्याआडची बाजू टाळायची, कारण तिथे हवा भोवऱ्यासारखी खाली फिरते.

विंगसूट बेसमधले, म्हणजे विमानाऐवजी कड्यासारख्या स्थिर जागेवरून घेतलेल्या उड्यांमधले, बहुतेक मृत्यू पॅराशूट न उघडल्याने होत नाहीत. उत्तम चालणाऱ्या सूटमधला माणूस डोंगरावर आदळतो. 50 मीटरच्या वेगात अर्धा सेकंद उशीर म्हणजे 25 मीटर, त्यामुळे चपळाईचा भरवसा धरता येत नाही. उताराजवळून जायचं, तर तो उतार सूटच्या ग्लाइडपेक्षा बराच तीव्र हवा, आणि सूट त्याच्या कमाल क्षमतेपेक्षा मुद्दाम खालच्या कोनात, वेगात ठेवायला हवा. तो जादा वेग हीच शिल्लक: शरीराचा कोन बदलला की त्याची थोडी उंची करून घेता येते. आधीच कमाल ग्लाइडवर ताणून उडत असाल, तर डोकं वर केल्याने वेग मरतो आणि सूट आणखी खाली बसतो. समोरचं झाड पार होईल का, असा प्रश्न पडला तेव्हाच शिल्लक संपलेली असते. बाजूला मोकळ्या दरीत वळायची वाट आधी ठरलेली नसेल, तर ती रेषा उडूच नये.

बेसमध्ये पॅराशूट एकच, राखीव नाही. सूटच्या मागे घुसळलेल्या हवेत मुख्य पॅराशूट ओढून बाहेर काढणारं छोटं पायलट शूट घुटमळू शकतं, म्हणून त्याची पट्टी लांब ठेवतात आणि ते जोरात बाजूला फेकतात. फेकताना खांदे समतोल हवेत; एक बाजू झुकली तर दोऱ्यांना पीळ बसतो किंवा पॅराशूट कड्याकडे तोंड करून उघडतं. तसं झालं तर आधी मागच्या राइझर पट्ट्या (पॅराशूटच्या दोऱ्या खांद्यांना जोडणाऱ्या) ओढून वळायचं. बाह्यांच्या चेन उघडून ब्रेकच्या दोऱ्या धरायचं काम त्यानंतर.