सर्किट झाकायला ओततात ते रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं द्रव) जेवढं कडक तेवढं सेफ? नाही हो!
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, अजून ऐकायला मिळतं, "सर्किट वाचवायचंय ना, इपॉक्सी रेझिन ओत, दगड होतो, टेन्शन नाही." अहो, दगड होणं हाच तर लोचा! बोर्ड गरम-थंड होताना सगळं वेगवेगळं फुगतं-आकसतं आणि कडक इपॉक्सी वाकत नाही, मग ताण येतो सोल्डरवर (पार्ट जोडणाऱ्या धातूच्या टाक्यांवर) आणि नाजूक पार्टवर, शिवाय जाड थर एकदम ओतला तर सुकतानाच भयंकर तापतो. ट्रान्सफॉर्मरला किंवा जिथे केमिकलशी संबंध येतो तिथे इपॉक्सी मस्तच. पण साध्या बोर्डाला लवचिक पॉलियुरेथेन रेझिन बरं, आपल्या पावसाळी दमटपणातही टिकतं, फक्त साधारण १२० डिग्रीच्या वर नको. त्याहून गरम असेल तर सिलिकॉन, २०० डिग्रीपर्यंत चालतं, पण गंमत म्हणजे पाणी अडवतं तरी वाफ बऱ्यापैकी आत सोडतं.