मारामारीला वजन कुठून येतं : सुपरहिरोपटातल्या गोष्टीची आणि ॲक्शनची पार्श्वभूमी

सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये गोष्ट किती आणि मारामारी किती, हा वाद संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे मोबाइलवर लघुपट करणाऱ्या पोरांत हटकून निघतो. एक जण म्हणतो, लोक फाइट बघायला येतात, रडारड कशाला? दुसरा म्हणतो, नुसती आदळआपट किती वेळ बघायची? दोघेही मिनिटं मोजत असतात आणि मला वाटतं घोळ तिथेच आहे. या सिनेमाचा आजवरचा प्रवास पाहिला तर मारामारी किती लांबवायची हे बहुतेक वेळा पैशाने आणि तंत्राने ठरवलेलं दिसतं. ती लक्षात राहिली की नाही, हे मात्र तिच्यात कुणाचं काय पणाला लागलं होतं त्यावर ठरलं.

आपल्या भागातल्या माणसाला ही गोष्ट उपजतच कळते. लग्नानंतर घरी गोंधळ घातला जातो तेव्हा आधी देवतांना बोलावणं होतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका (दोन्ही ठाणी मराठवाड्यातलीच) आणि मग बाकीची दैवतं. दिवटी पेटलेली असते, संबळ आणि तुणतुणं चालू असतं. आख्यान येतं ते उत्तररंगात. राक्षस शेवटी मरणार हे मांडवातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं, तरी माणसं रात्र जागवतात. मुख्य गोंधळी कथा पुढे नेतो, साथीदार मध्येच भाबडे प्रश्न विचारून त्याला अडवतो, आणि कथा जिथे कात्रीत सापडते तिथे संबळ चढते. शेवट माहीत असूनही माणूस का थांबतो? विजयासाठी काय मोजावं लागलं ते त्याला ऐकायचं असतं. सुपरहिरोही शेवटी जिंकणार हे तिकीट काढतानाच माहीत असतं, म्हणून हा प्रश्न त्याच्याही मुळाशी आहे.

जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन अमेरिकेत 1938 साली कॉमिकमधून आला. तीनच वर्षांत, 1941 मध्ये, रिपब्लिक या कंपनीने कॅप्टन मार्व्हल या दुसऱ्या सुपरहिरोवर 12 भागांची सिनेमामालिका काढली. दर आठवड्याला थेटरात एक भाग लागायचा, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी मरणाच्या दारात उभं असायचं. उडणारा नायक म्हणजे तारेवरून सरकवलेला पुतळा. तेवढ्याशा पैशात जे जमेल ते केलेलं होतं आणि पोरं त्यावर खूश होती. त्यात नाट्य असं फारसं नव्हतं.

खरं वळण 1978 च्या ‘सुपरमॅन’ने दिलं. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर. माणूस उडताना खरा वाटावा म्हणून तारा आणि खास प्रक्षेपणाचं तंत्र वापरलं गेलं. हे काम महागडं आणि वेळखाऊ होतं, त्यामुळे पराक्रम जपून खर्च करावे लागले. हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या पत्रकार लोईस लेनला झेलण्याचा पहिला मोठा पराक्रम येतो तो तास उलटून गेल्यावर! त्याआधी बराच वेळ आपण कॅन्ससच्या शेतावर असतो. सांभाळणारा बाप हृदयविकाराने कोसळतो आणि अंगात एवढी ताकद असलेला मुलगा नुसता बघत राहतो. बापाला वाचवू न शकलेला हा मुलगा आपल्याला आधी भेटतो, म्हणून पुढे तो कुणालाही झेलतो तेव्हा आपला जीव वर-खाली होतो.

त्याच सिनेमातला एक सीन लघुपट करणाऱ्याने पुनःपुन्हा बघावा असा आहे. लोईसच्या घरात क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅन, एकटा उभा आहे. ती आत गेली आहे. तो चष्मा काढतो, वाकलेले खांदे सरळ करतो, मान वर करतो, आवाज बदलतो. काही क्षणांसाठी तिला सगळं सांगून टाकायचं त्याने ठरवलेलं असतं. मग धीर सुटतो, चष्मा परत नाकावर आणि खांदे परत खाली. तार नाही, स्फोट नाही, फक्त क्रिस्टोफर रीव्हचं अंग. पण बघणारा श्वास रोखून बसतो. ॲक्शन म्हणजे हाणामारीच असं ज्यांना वाटतं त्यांनी या सीनचं काय करायचं ते सांगावं.

आपल्याकडे 1987 मध्ये शेखर कपूरचा ‘मिस्टर इंडिया’ आला. पटकथा सलीम-जावेद यांची, जोडी म्हणून त्यांची शेवटची. नायक गायब होतो, म्हणजे पडद्यावर दाखवायलाच काही उरत नाही. हवेत तरंगणारी हनुमानाची मूर्ती गुंडांना बडवते आणि थेटर डोक्यावर घेतलं जातं. पण लेखकांनी त्या ताकदीला एक छिद्र ठेवलं होतं : लाल प्रकाशात तो दिसतो. या एका अटीमुळे त्याला पुन्हा भीती चिकटते. आणि टीना नावाची चिमुरडी बॉम्बस्फोटात जाते तिथून त्या सिनेमाचं हसू थांबतं. पुढची प्रत्येक मारामारी तिच्या नावाने चालते. व्हिडिओवर आणि नंतर टीव्हीवर हा सिनेमा बघून मोठी झालेली पिढी आज मराठवाड्यात पोराबाळांची आई-बाप आहे. मोगॅम्बोची नक्कल त्यांना येतेच, पण टीनाचा विषय काढला की आजही ती माणसं क्षणभर गप्प होतात.

संगणकाने नव्वदच्या दशकात सगळी गणितं बदलली. जे दाखवणं अशक्य होतं ते शक्य झालं, आणि जे शक्य झालं ते भरमसाट दाखवायचा मोह सुटला. तरीही सुरुवातीची काही वर्षं चांगली गेली. सॅम रेमीचा ‘स्पायडर-मॅन 2’ (2004) हा माझ्या मते आजही गोष्ट आणि ॲक्शन यांच्या मेळाचा सर्वात सरस नमुना आहे. पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, मनाने हाय खाल्ल्यावर त्याची शक्तीच आटते, म्हणजे नाट्य आणि ॲक्शन एकाच नाडीवर चालतात. ट्रेनच्या प्रसंगात तो मुखवट्याशिवाय, दोन्ही हातांनी जाळ्यांचे दोर धरून गाडी थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. डब्यातली माणसं त्याला हातांवरून आत नेतात, खाली निजवतात, आणि कुणीतरी म्हणतं की हा तर पोरगाच आहे. त्या थरारक मारामारीचं फळ म्हणजे तो चेहरा.

ख्रिस्तोफर नोलनच्या ‘द डार्क नाइट’मध्ये (2008) दुसऱ्या टोकाचं काम झालं. चौकशीच्या खोलीत बॅटमॅन जोकरला बदडतो आणि प्रत्येक ठोशासोबत हरत जातो, कारण समोरच्याला माराची भीतीच नाही. शेवटी जोकर पळवून नेलेल्या दोघांचे पत्ते सांगतो तेही उलटे, एकाचा दुसऱ्याला. इथे ताकद असूनही उपयोग नाही, हीच गोष्ट मारामारीतून सांगितली आहे.

पुढे मार्व्हल या कंपनीच्या सिनेमांची साखळी आली आणि कारखाना उभा राहिला. मोठ्या लढाया आधीच संगणकावर रचून ठेवायच्या आणि दिग्दर्शकाने माणसांचे सीन सांभाळायचे, अशी वाटणी रूढ झाली. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्टेल यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की मार्व्हलच्या ‘ब्लॅक विडो’ या सिनेमासाठी विचारणा झाली तेव्हा, ॲक्शनची काळजी करू नका, ते आम्ही बघू, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मला या वाटणीत सगळ्या आजाराचं मूळ दिसतं. एकाने रडवायचं आणि दुसऱ्याने तोडफोड करायची असं ठरलं की दोन्हीच्या मध्ये भेग पडतेच. ही भेग मार्व्हलबाहेरही दिसते : सुपरमॅनवरच्याच ‘मॅन ऑफ स्टील’च्या (2013) शेवटी अख्खं शहर उद्ध्वस्त होतं आणि पडणाऱ्या इमारतींतल्या माणसांकडे कॅमेरा फारसा बघतच नाही. यावर इतकी टीका झाली की 2016 च्या पुढच्या सिनेमाची सुरुवात तोच विध्वंस रस्त्यावरून, धुळीत धावणाऱ्या माणसाच्या नजरेने दाखवून करावी लागली.

भारतात ‘क्रिश’ (2006), ‘रा.वन’ (2011) असे मोठ्या पैशाचे प्रयत्न झाले. मराठीत 2015 मध्ये ‘बाजी’ आला, धाडस म्हणून त्याची नोंद घ्यायलाच हवी. पण आपल्या ऐपतीला जवळचं उदाहरण केरळचं आहे. बेसिल जोसेफचा ‘मिन्नल मुरली’ 2021 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर आला. एका गावात एकाच रात्री दोघांवर वीज पडते. एक शिंपी, दुसरा चहाच्या हॉटेलात काम करणारा शिबू. ताकद दोघांना सारखीच मिळते. एकाला गाव आपलं म्हणतं, दुसऱ्याला वेडा ठरवतं. गुरु सोमसुंदरम यांनी साकारलेला शिबू त्याचं जिच्यावर प्रेम असतं त्या उषाला गमावल्यावर जो आक्रोश करतो, त्यानंतरच्या मारामारीत नेमकं कुणाच्या बाजूने उभं राहावं ते कळेनासं होतं. गगनचुंबी इमारतींची तिथे गरजच पडत नाही.

मराठवाड्यात सुपरहिरोची गोष्ट रचायची तर पणाला लावायला काय आहे, हे शोधत लांब जावं लागत नाही. 2016 च्या मार्चमध्ये लातूरला पाण्यावरून हाणामारी होऊ नये म्हणून पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ची पहिली गाडी 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन आली. अशा शहरात एखाद्याच्या अंगात अचानक दहा टँकर उचलायची ताकद आली, तर तो पहिला टँकर कोणत्या गल्लीत नेईल? आणि उरलेल्या गल्ल्यांतली माणसं, त्यातली काही त्याच्या रक्ताची, रस्ता अडवून उभी राहिली तर तो त्यांच्यावर हात उचलेल का? पटकथा लिहिणाऱ्याने फाइट मास्टरला फोन करायच्या आधी एवढं ठरवून घ्यावं.