डेंटेट जायरस आणि सीए३ : सारखं ते वेगळं ठेवणारा आणि अर्धं ते पूर्ण करणारा

हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींचं केंद्र, हे आता अकरावी-बारावीच्या मुलांनाही पाठ असतं. १९५३ साली अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतला हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला आणि त्यानंतर घडलेलं काही त्यांच्या लक्षात राहिना, ही गोष्टही बहुतेकांनी ऐकलेली असते. तिथे मी थांबत नाही.

माझी तक्रार पुढच्या पायरीची आहे. क्लासच्या नोट्स असोत, आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गप्पा असोत की मोबाइलवर येणारे आरोग्यसल्ले, वाक्य ठरलेलं : ‘डेंटेट जायरसमध्ये नव्या पेशी तयार होतात, म्हणून जास्त आठवणी साठतात.’ या एका वाक्यात डेंटेट जायरस आणि त्याच्या शेजारचा सीए३ या हिप्पोकॅम्पसच्याच दोन भागांची कामं एकमेकांत मिसळली आहेत. शिवाय नव्या पेशींचा अर्थही चुकला आहे.

किरकोळ फरक आधी उरकतो. हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या एंटोरायनल कॉर्टेक्सकडून येणारी माहिती डेंटेट जायरसमध्ये येते, तिथून सीए३ला जाते, पुढे सीए१ला, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्याच पुढच्या भागाला. डेंटेटमध्ये मुख्यतः ग्रॅन्यूल पेशी, सीए३मध्ये पिरॅमिडल पेशी. परीक्षेत गुण यावरच मिळतात, पण एवढ्याने काही उलगडत नाही.

उलगडतं ते कामाकडे पाहिल्यावर. रविवार कारंजाला खरेदीसाठी नेहमी येणारी बाई स्कूटर काल एका बोळात लावते, आज शेजारच्या. दुकानं तीच, गर्दी तीच, वेळही साधारण तीच. तरी पिशव्या घेऊन परतताना पाय आजच्याच बोळाकडे वळायला हवेत. जवळजवळ सारख्या दोन अनुभवांचे ठसे वेगवेगळे उमटवणं, म्हणजे पॅटर्न सेपरेशन, हे डेंटेट जायरसचं काम.

आता रंगपंचमी घ्या. जुन्या नाशकात रहाड, म्हणजे रंगाचा जमिनीतला हौद, उघडली आहे, गल्लीच्या तोंडाशीच त्या उकळलेल्या फुलांच्या रंगाचा वास येतो आणि लहानपणची अख्खी दुपार उभी राहते : त्यात पहिला धप्पा, म्हणजे उडी, कोणी मारला, कोण काठावरून मागे सरलं, घरी गेल्यावर आई काय म्हणाली. हाती लागला नुसता वास, मिळाला पूर्ण प्रसंग. हे पॅटर्न कम्प्लीशन, आणि ते सीए३चं काम. दोन्हीला आपण ‘आठवणं’ म्हणतो, पण दिशा पाहा. एक जवळच्या गोष्टी लांब नेतो, दुसरा तुटक धाग्यावरून सगळं जवळ आणतो.

दोघांची जडणघडणही त्याच कामाला साजेशी आहे. उंदराच्या जातीतल्या मोठ्या प्राण्यात, म्हणजे रॅटमध्ये, डेंटेटच्या एका बाजूला सुमारे १० लाख ग्रॅन्यूल पेशी असतात. त्यांना माहिती पुरवणाऱ्या पेशी त्याहून कितीतरी कमी. शिवाय एका वेळी यातल्या मोजक्याच टक्के पेशी जाग्या होतात. त्यामुळे येणारी माहिती थोडी जरी बदलली तरी जाग्या होणाऱ्या पेशींचा संच बदलतो. सीए३मध्ये उलट, पेशींचे तंतू फिरून सीए३च्याच इतर पेशींना जोडलेले असतात. संचातल्या काही पेशी जाग्या झाल्या की त्या बाकीच्यांना जागं करतात. अशा जाळ्यातून अर्धवट खुणेवरून पूर्ण आठवण कशी मिळू शकेल, याचा सिद्धान्त डेव्हिड मार यांनी १९७१ साली मांडला होता.

सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेतले दोन प्रयोग मला या विषयात सगळ्यात जास्त पटतात. २००२ साली काही उंदरांच्या फक्त सीए३मधले एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे शिकताना पेशींमधली जोडणी पक्की करायला लागणारे ग्राही, निकामी केले. पाण्याच्या टाकीतला लपलेला चौथरा भोवतालच्या चारही खुणा असताना ते नीट शोधत. तीन खुणा काढल्या की भरकटत. साधे उंदीर एका खुणेवरही पोहोचत. २००७ साली हेच रिसेप्टर डेंटेटमधून काढले. हे उंदीर भीती शिकले, पण जिथे झटका बसला ती पेटी आणि तिच्यासारखीच दिसणारी निर्धोक पेटी, यांतला फरक त्यांना लवकर कळेना.

मग नव्या पेशींचं काय? रॅटच्या डेंटेटमध्ये जन्मानंतरही चेतापेशी तयार होतात, हे ऑल्टमन आणि दास यांनी १९६५ साली दाखवलं. माणसाबद्दलचा पुरावा १९९८ साली आला. २०१३च्या एका अभ्यासाने प्रौढ माणसात रोज प्रत्येक बाजूला सुमारे ७०० नव्या पेशींचा अंदाज दिला. २०१८ साली मात्र एका गटाला प्रौढांत त्या जवळजवळ सापडल्याच नाहीत आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाला भरपूर सापडल्या. म्हणून ‘रोज पळा, मेंदूत पेशी उगवतील’ असं माणसाबद्दल ठामपणे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. पळण्याने पेशी वाढतात हे पक्कं दिसलं ते उंदरांत. व्यायाम जरूर करावा. त्याची इतर कारणं भक्कम आहेत.

या पेशी नेमकं काय करतात, तेही उंदरांतच तपासलं गेलं. २००९ साली त्या कमी केल्या तेव्हा जवळजवळच्या जागा ओळखताना घोळ झाला, लांबच्या जागा ओळखताना नाही. २०११ साली वाढवल्या तेव्हा सारख्या जागांतला फरक अधिक चांगला कळला. आणि २०१४ साली, काही शिकवल्यानंतर या पेशी वाढवल्या तर आधी शिकलेलं पुसट झालं. नव्या पेशी म्हणजे साठवणीची जादा जागा असती, तर असं झालं नसतं.

घरात याचा उपयोग होतो तो असा. आजी २००३च्या सिंहस्थाची हकिकत रंगवून सांगते, रामकुंडावरची गर्दी, भिजलेली लुगडी, आणि त्या हकिकतीत मधेच नातू मोबाइलवर सेल्फी काढतो, जो प्रसंग २०१५चा. सगळे म्हणतात, आजीची स्मरणशक्ती काय तल्लख! अर्ध्यावरून पूर्ण करणं तिला छान जमतंय. दोन सिंहस्थ वेगळे ठेवणं जड जातंय. वयाबरोबर हीच बाजू आधी कमी पडताना दिसते : चाचणीत आधी दाखवलेलं चित्र वृद्ध माणसं बरोबर ओळखतात, पण त्याच्यासारखं दुसरं चित्र दाखवलं तरी ‘हेच ते’ म्हणतात. तेव्हा डॉक्टरांकडे नेलंत तर ‘विसरते’ एवढंच सांगू नका. काही आठवतच नाही, की आठवतं पण दोन प्रसंग एकमेकांत मिसळतात, हे उदाहरणासकट सांगा.