ट्रॅक्टर उलटताना उडी मारून माणूस वाचतो?

‘उलटायला लागला की उडी टाकायची, पट्टा बांधलास तर अडकून मरशील.’ उसाचा हंगाम सुरू झाला की करवीर-कागलकडच्या फडात नवख्या ड्रायव्हरला हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा आहे.

रुतलेली उसाची ट्रॉली ओढताना मागची चाकं जागीच अडकतात आणि इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतो. साखळी ड्रॉबार (मागे खाली असलेला ओढायचा दांडा) सोडून वर, टॉपलिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी अडकवली असेल तर आणखी लवकर. पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडेपर्यंत जेमतेम दीड सेकंद. तेवढ्यात क्लच दाबायचं सुचत नाही, उडी कुठली! बांधावरून आडवा होताना तर माणूस ज्या बाजूला फेकला जातो, त्याच बाजूला मडगार्ड येऊन पडतं.

पट्ट्याची भीती मात्र अगदीच बिनबुडाची नाही. सीटमागे रोल बार, म्हणजे उलटलेल्या ट्रॅक्टरचा भार पेलून ड्रायव्हरची जागा वाचवणारा भक्कम सांगाडा, नसेल तर पट्टा बांधू नये. रोल बार उभा असेल तर बांधायलाच हवा. नाहीतर माणूस त्या सुरक्षित जागेतून बाहेर फेकला जाऊन चेंगरतो. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना असा सांगाडा १९५९ मध्येच सक्तीचा केला.

आणि हो, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बसवलेलं पत्र्याचं छत म्हणजे रोल बार नव्हे. पातळ पाइप, चार नटबोल्ट. ते ऊन अडवतं, गाण्याचे स्पीकर पेलतं. दीड-दोन टनांचा ट्रॅक्टर नाही.