माशांच्या टाकीची घडवंची

गेल्या महिन्यात माझ्या आतेभावाने एक व्हिडिओ पाठवला. चार फुटी टाकीसाठी त्याने घरीच लाकडी स्टँड केला होता, सगळा सागवानी. त्यावर तो, त्याचे दोन मित्र आणि शेजारचे काका असे चौघे उभे होते. सोबत मजकूर: ‘तीनशे किलो, जरासुद्धा हलत नाही!’ मी लगेच फोन करून त्याला सांगितलं, की टाकी अजून ठेवू नकोस. स्टँड मोडेल अशी भीती मला वाटत नव्हती. पण चार माणसं उभी करून जे कळतं, त्याचा काचेच्या टाकीला फारसा उपयोग नसतो.

आधी वजन पाहू. टाकी १२० सेंमी लांब, ४५ रुंद, ६० उंच. काठोकाठ भरली तर पाणी ३२४ लिटर, म्हणजे ३२४ किलो. १२ मिमी जाडीच्या काचेचं वजन साधारण ७५ किलो. तळाशी दोन इंच वाळू पसरली की, तिने बाजूला सारलेलं पाणी वजा जाता, आणखी पंचवीसेक किलो. एकूण सव्वाचारशेच्या घरात. म्हणजे एकेका पायावर साधारण १०६ किलो. दोन बाय तीन इंची पाय असेल तर दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोही येत नाहीत, आणि वाळलेलं चांगलं सागवान धाग्यांच्या दिशेने दाबलं तर चौरस सेंटिमीटरला पाचशे किलोच्या वर सोसतं. पाय मोडण्याचा प्रश्नच नाही. तरीही लोक पायांच्याच जाडीवर पैसे घालतात.

मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजबुती म्हणजे किती भारावर मोडेल, ताठपणा म्हणजे किती भारावर किती वाकेल. पूर्वी घराघरांत घडवंचीवर हंडे-कळशा असत. फळी थोडी वाकली तरी तांब्या-पितळेच्या भांड्याला त्याचं काही नव्हतं. व्हिडिओतल्या काकांच्या पायांनाही नव्हतं. काच मात्र ताण सहन करत नाही. दाब ती भरपूर सोसते, पण वाकवली की एक पृष्ठभाग ताणला जातो आणि तिथल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चऱ्यांमधून तडा धावतो. हे गणित ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२० साली काचेवरच प्रयोग करून मांडलं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. टाकीच्या लांब काचेखाली जी आडवी पट्टी असते, तिचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट. म्हणून दोन बाय चार इंचाची एकच पट्टी आडवी निजवली तर जितकी वाकते, त्याच्या चौथाई उभी ठेवली तर वाकते. आपल्या टाकीचा हिशेब करून पाहा: पुढच्या पट्टीवर निम्मा भार, दोन टोकांना आधार. उभ्या पट्टीचा मध्य साधारण १ मिमी खाली जातो, निजवलेल्या पट्टीचा चार मिमी. लाकूड तेच आणि पैसेही तेच. लांबीचा हिशेब आणखी कडक आहे. दर फुटाला भार तेवढाच असेल तर वाक लांबीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे चार फुटांऐवजी सहा फुटी टाकीला तीच पट्टी पाचपट वाकेल. म्हणून सहा फुटीला मध्ये आणखी एक पाय लागतोच. शिवाय लाकूड कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. सुरुवातीचा वाक दीडपट-दुप्पट होईल असं धरूनच चालावं. चार माणसं दोन मिनिटांत उतरतात, पाणी दहा वर्षं उतरत नाही.

यात एक गंमत आहे. टाकीची पुढची काच म्हणजे ६० सेंमी उंचीची पट्टीच. घनाचा नियम तिलाही लागू, आणि काच सागवानापेक्षा मुळात सहा-सातपट ताठ. त्यामुळे ती उभी काच आपल्या लाकडी पट्टीपेक्षा तीनशेपटीहून ताठ निघते. लाकूड खाली गेलं म्हणून काच त्याच्यामागे वाकत नाही. ती टोकांवर तोलून राहते आणि सगळा भार कोपऱ्यांकडे सरकतो. म्हणूनच चार कोपरे एका पातळीत नसतील तर घात होतो. तीन कोपरे टेकतात, चौथा तीन मिमी अधांतरी राहतो, पाण्याचं वजन त्याला खाली ओढतं आणि टाकी पिळली जाते. वरून उघड्या खोक्याला पिळाशी झुंजता येत नाही. सगळा ताण तळाच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या सांध्यांवर येतो. माझी पहिली टाकी अशीच गेली. रात्री अडीचला कट्‌ असा एकच आवाज आला. सकाळी पाहिलं तर तळाच्या काचेत एका कोपऱ्यातून निघालेली तिरपी रेघ होती. खाली घातलेला थर्माकोल बारीकसारीक खडबड झाकतो, पिळलेली चौकट सरळ करत नाही.

पीळ ओळखायला दोन दोऱ्या पुरतात. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन्ही तिरप्या, घट्ट ताणा. मध्यभागी त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. मग खालची वर, वरची खाली करून पुन्हा बघा. एकदा फट दिसली आणि एकदा दोरी दोरीवर चढून वाकली, तर चौकट पिळलेली आहे. अशा वेळी पत्र्याची पाचर पायाखाली घालायची, टाकीखाली कधीही नाही. आडव्या पट्ट्या पायांच्या माथ्यावर बसलेल्या हव्यात. पायाच्या बाजूला स्क्रूवर लटकवलेल्या नकोत. पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं, नंतर आकसतं, आणि स्क्रूची पकड सैल होत जाते.

दुसरी गोष्ट डोलण्याची. नुसता चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. मागे पूर्ण प्लायवुड ठोका किंवा तिरपी पट्टी द्या. आपल्या टाकीतल्या पाण्याची हेलकाव्याची स्वतःची लय साधारण १.३ सेकंदांची आहे. झोपाळ्याला झोका द्यावा तसा कुणी पोराने त्या लयीत स्टँडला धक्का दिला, तर लाट वाढतच जाते.

जागेबद्दल थोडं. वास्तूवाले टाकी ईशान्येला ठेवायला सांगतात, आणि मासा मेला की त्याने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं असंही म्हणतात. तो बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने किंवा साठलेल्या अमोनियाने मेलेला असतो. स्लॅबला दिशा कळत नाही, भार कळतो. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून होतो आणि टाकीखाली तो आकडा ८०० च्या आसपास जातो. तेव्हा टाकी भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे ठेवा. वरच्या मजल्यावर सहा फुटी घेणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

आतेभावाच्या चौकटीत दोऱ्यांनी दोन मिमीचा पीळ दाखवला. डाव्या मागच्या पायाखाली पाचर गेली. मग अर्धी टाकी भरून आम्ही चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. टाकी नुसती कलली असेल, तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेइतकीच भरते. पिळली असेल तर भरत नाही. त्या रात्री दोन्ही बेरजा अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळल्या. चारही आकडे त्याने स्टँडच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलेत. गणपतीत मी जाईन तेव्हा पुन्हा मोजायचे आहेत.