फोर बाय फोर गाडी गोव्यात सांभाळताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जीप, यांपैकी दगडावर आपटून मोडलेली गाडी गॅरेजमध्ये क्वचितच येते. बिल वाढते ते वेगळ्याच तीन गोष्टींनी: खारी हवा, अ‍ॅक्सलमध्ये (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीत) गुपचूप शिरलेले पाणी, आणि महिनोन्‌महिने हातही न लावलेला फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा, दुसरा लिव्हर. तिन्ही गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत, म्हणून हे पत्रक.

ही गाडी अशी का आहे

1940 मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांवर चालणारी टेहळणीची गाडी हवी होती. नमुना करून द्यायला मुदत होती फक्त 49 दिवस. बँटम या छोट्या कंपनीने ती पाळली आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी गाडी हजर केली. पुढे मोठे काम मिळाले विलिज आणि फोर्डला. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. शिडीसारखी चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, पाट्यांचे सस्पेन्शन आणि मधे ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी), हा आराखडा तेव्हाचा. रणांगणावर पान्याने खोलता यावी, मोडली तर टाकून देता यावी, एवढाच हिशोब होता. चाळीस पावसाळे काढण्याचा विचार त्यात नव्हता. पत्र्याच्या घड्यांत, चेसिसच्या पोकळीत पाणी साचते याचे मूळ तिथे आहे.

1948 मध्ये इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून लँड रोव्हरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची झाली. अशी गाडी तुमच्याकडे असेल तर बॉडी गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चेसिस पोलादाचीच आहे, आणि खाऱ्या दमटपणात जिथे अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लागतो तिथे अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

आपल्याकडे महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपचे भाग जोडायला सुरुवात केली. एमएम 540 मध्ये 2.1 लिटरचे प्यूजो डिझेल आले, 2010 मध्ये थार आली आणि 2020 मध्ये ती पूर्ण नवी झाली. मारुती जिप्सी 1985 ची, सुझुकीच्या एसजे 410 वर बेतलेली. आधी 970 सीसी, मग 1298 सीसीची किंग. 2023 मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी तिच्याच घराण्यातली. याच वर्षापासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळू लागली. जुनी घेताना दुसरा लिव्हर आहे ना, ते आधी बघा. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

दुसरा लिव्हर वापरा, पण जागा बघून

डिफरन्शियल म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. या बहुतेक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधले डिफरन्शियल नसते. 4एच (चारही चाके, नेहमीचा वेग) टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते, कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाही आणि सगळा ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि गिअरवर अडकतो. स्टिअरिंग जड होते, गाडी झटके देते, लिव्हर 2एच मध्ये (फक्त मागची दोन चाके) परत येत नाही. अशा वेळी लिव्हरवर जोर करू नका. गाडी सरळ रेषेत पाच-दहा मीटर मागे घ्या, ताण सुटला की लिव्हर आपोआप सैल होतो. शहरात पहिला पाऊस पडला म्हणून 4एच लावून फिरणारे दरवर्षी भेटतात. ओले डांबर म्हणजे चिखल नव्हे.

उलट टोक म्हणजे लिव्हर कधीच न वापरणे. पुढच्या डिफरन्शियलमधले तेल पुढचा शाफ्ट फिरला की वर उडते आणि बेअरिंग, सील ओले ठेवते. हब (पुढचे चाक शाफ्टला जोडणारा किंवा सोडणारा भाग) मोकळे ठेवून गाडी चालवली तर हे भाग वर्षभर कोरडे बसतात. महिन्यातून एकदा मातीच्या किंवा खडीच्या सरळ रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर 4एच मध्ये चालवा. 4एल (चारही चाके, लो रेंज) साठी गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा (ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल), मग लिव्हर टाका आणि वीस-तीस मीटर जा. लो रेंजमध्ये जोर साधारण दोन ते अडीचपट होतो, वेग तेवढाच घटतो. चोर्लाच्या आसपासच्या उभ्या कच्च्या वाटेवर उतरताना ब्रेकपेक्षा लो रेंजमधला पहिला गिअर जास्त कामाचा. जुन्या जिप्सीचे हब हाताने फिरवायचे असतात. दोन्हीकडचे सारख्या खुणेवर आहेत ना, बघा. एक लॉक आणि एक मोकळा राहिला तर 4एच लागूनही पुढची चाके ओढणार नाहीत.

थारच्या काही मॉडेलना मागची दोन्ही चाके एकत्र बांधणारे, आपोआप लागणारे मेकॅनिकल लॉक असते. एक चाक हवेत गेले की ग्राहक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतात, त्यामुळे ते लागतच नाही. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला तरच ते पकडते. अ‍ॅक्सिलरेटर हळू, पण न सोडता दाबत राहा. ‘ठक’ असा आवाज येईल. तो बिघाड नाही. गुरखाचे लॉक मात्र चालकाने लावायचे असते. पुढचे लॉक लावून वळायचा प्रयत्न करू नका, स्टिअरिंग ऐकणार नाही.

ओहोळ, पूल बुडालेला रस्ता आणि अ‍ॅक्सलमधले पाणी

2020 च्या थारसाठी कंपनी 650 मिलिमीटर खोली सांगते. तो आकडा संथ पाण्याचा आणि धड सील असलेल्या गाडीचा आहे. आमचा सल्ला: चाकाच्या हबच्या मध्यापेक्षा वर पाणी असेल तर आधी उतरून काठीने अंदाज घ्या, आणि पाणी वाहते असेल तर गुडघ्याएवढ्यालाही हात जोडा. सत्तरी, सांग्याकडचे ओहोळ वरच्या भागात पाऊस झाला की अर्ध्या तासात बदलतात.

पाण्यात उतरताना 4एल, पहिला किंवा दुसरा गिअर, चालण्याच्या वेगाने. मधे क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. पण खरी गोष्ट याच्या आधीची आहे. फोंड्याहून कुळ्यापर्यंत पळत आलेल्या गाडीचे अ‍ॅक्सल हाताला चटका देतात. ते एकदम गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढून घेते. काठावर दहा-पंधरा मिनिटे गाडी उभी करा. ब्रीदर म्हणजे अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवरचे छोटे झाकण, ते चिखलाने बुजलेले असेल तर हवा सीलमधूनच ये-जा करते. रबरी नळी लावून ब्रीदर इंजिनच्या खोलीत उंचावर नेणे हे या गाडीवरचे सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी काम आहे. लाइट बार, विंच वगैरे नंतर.

पाणी गेले की नाही हे असे तपासा. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बसते. सकाळी गाडी हलवण्याआधी अ‍ॅक्सलचा खालचा प्लग थोडासाच सैल करा. आधी पाण्याचे थेंब आले तर तेल बदलायचे. गाडी चालल्यावर तेच तेल दुधाळ चहासारखे दिसते. अशा तेलावर आणखी काही आठवडे चालवली तर क्राउन-पिनियनची (डिफरन्शियलच्या मुख्य गिअरची) बेअरिंग जातात आणि चाळीसच्या पुढे हूं-हूं आवाज सुरू होतो.

तेल स्वतः बदलणाऱ्यांसाठी: नेहमी वरचा भरायचा प्लग आधी खोला, मग खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि तेल आधीच सांडले असेल तर गाडी तिथेच अडकली. जिप्सी किंगला साधारण पुढच्या डिफरन्शियलला 2 लिटर, मागच्याला दीड, ट्रान्सफर केसला 800 मिलिलिटर आणि गिअरबॉक्सला 1.3 लिटर तेल लागते. भरायच्या भोकाच्या कडेला तेल लागले की पुरे. गिअर तेलाच्या प्रती असतात: डिफरन्शियलला जीएल-5, पण अनेक गिअरबॉक्सना जीएल-4 लागते. जीएल-5 घातले तर गिअर सहज पडू देणारी पितळी सिंक्रो रिंग खराब होण्याची भीती. डब्यावरची खूण आणि गाडीच्या पुस्तकातली खूण जुळवून बघा, दुकानदाराच्या ‘सगळ्याला चालते’वर जाऊ नका.

इंजिन पाण्यात बंद पडले तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, बॅटरीची तार सोडा, आम्हाला फोन करा. एअर फिल्टर कोरडा निघाला तर बहुधा वाचलात.

साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते

जिप्सी आणि जुन्या जीपांची ही नेहमीची तक्रार, आणि अलाइनमेंटवर पैसे घालवून ती क्वचितच जाते. पुढच्या चाकाजवळ लोखंडी गोळ्यासारखे नकल (चाक वळवणारा सांधा) असते. त्यावर नमद्याचे सील आणि आत किंगपिनची (ज्यावर चाक वळते त्या खुंटाची) वर-खाली बेअरिंग. नमद्यात चिखल बसला की पाणी आत जाते, बेअरिंगना गंज चढतो, किंगपिनचा ताण जातो आणि खड्ड्यातून गेल्यावर दोन्ही चाके डगडगू लागतात. तपासणी अशी: चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा, दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबूनही हलत असेल तर दोष किंगपिनचा. ब्रेकने थांबत असेल तर चाकाच्या बेअरिंगचा. इलाज म्हणजे नवी बेअरिंग, सील आणि योग्य जाडीचे शिम (पातळ चकत्या). स्टिअरिंग डॅम्पर बदलून थरथर काही महिने झाकली जाते, एवढेच. गोळ्यावरून पातळ काळे तेल ओघळत असेल तर आतल्या शाफ्टचे सील गेले आहे, डिफरन्शियलचे तेल ग्रीसमध्ये मिसळते आहे.

गंज

कळंगुट, मोरजी, कोलव्याकडच्या आणि फोंडा-साखळीकडच्या एकाच वयाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर खालून ओळखता येतात. पण गंजाला समुद्रच लागतो असे नाही. दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर चाकांना लागते ते पाणी खारे, खाजनाच्या बांधावरचा चिखलही खारा. अशा दिवशी संध्याकाळीच गोड्या पाण्याने खालून धुवा. आधी चाकांच्या कमानी, मग पाट्यांचे हँगर, मग डिझेल टाकीची वरची बाजू, शेवटी चेसिसच्या भोकात नळी धरून दुसऱ्या टोकाने स्वच्छ पाणी येईपर्यंत. प्रेशर वॉशरचा फवारा अल्टरनेटर, सील आणि रेडिएटरच्या जाळीवर मारू नका. तांबडी माती मात्र भिजवून काढावी लागते. ती ब्रेक ड्रममध्ये वाळली तर लायनर घासते, रेडिएटरवर वाळली तर एप्रिलमध्ये इंजिन तापते.

लहान हातोडीने मागचा क्रॉसमेंबर, हँगरच्या जागा, बॉडी माउंट आणि पायाखालच्या चटईखालचा पत्रा ठोकून बघा. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत पोकळ आहे. सॉफ्ट टॉपच्या थारमध्ये कार्पेट ओले राहते. जमिनीला रबरी प्लग आहेत, ते काढून पाणी जाऊ द्या.

काळ्या डांबरासारखे अंडरकोटिंग गंजावर थेट मारणे हे फुकट गेलेले पैसे आहेत. काही महिन्यांत ते सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. योग्य क्रम: तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, झिंक प्रायमर, रंग, आणि पोकळ भागांत मेणाचा फवारा. हे काम एप्रिल-मे मध्येच होते, चेसिस पूर्ण सुकलेली हवी. जूनमध्ये आणलेल्या गाडीला आम्ही नाही म्हणतो. पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री घट्ट बांधण्यापेक्षा बाजू उघड्या असलेली शेड बरी. आणि ओल्या दिवसांत हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी करू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

थोडक्यात आणखी काही

बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल थार फक्त घर ते बाजार पाच-सहा किलोमीटर चालवली तर एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. आठवड्यातून एकदा बायपासवर वीस-पंचवीस मिनिटे, साधारण 2000 आरपीएमवर सलग चालवा. दिवा लागून आठवडा झाल्यावर मात्र गॅरेजशिवाय इलाज नाही.

चिखलात टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत कमी केली तर पकड लक्षणीय वाढते. डांबरावर येण्याआधी परत भरा, पंप गाडीतच ठेवा. रेतीचा सराव म्हणून समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका, गोव्यात त्याला बंदी आहे आणि गुन्हा नोंद होतो. भरतीत अडकली तर विमावालाही प्रश्न विचारेल.

मोठे टायर, उंच सस्पेन्शन, लोखंडी बुल बार बसवण्याआधी कायद्याचे बघा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. बुल बारविरुद्ध केंद्राचे आदेश 2017 चे आहेत. आम्ही ही कामे करत नाही.

जुनी जीप किंवा जिप्सी विकत घेताना चेसिसवर ठोकलेला क्रमांक आरसीशी स्वतः जुळवा. इंजिन बदललेले असेल तर नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढलेला हवा. 15 वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, ती कधी संपते ते बघूनच भाव ठरवा. खाणीवर चाललेल्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे हात घालून बघा. तिथली तांबडी धूळ पॉलिश केल्याने जात नाही.

गाडी आणताना

गळतीची तक्रार असेल तर खालून धुऊन आणू नका. तेल कुठून कुठे ओघळले याचा माग पुसला जातो. आवाजाची तक्रार असेल तर तो कोणत्या वेगाला, वळताना की सरळ, 2एच मध्ये की 4एच मध्ये, हे कागदावर लिहून आणा. आणि गाडी पाण्यातून गेली असेल तर ते न लपवता सांगा, म्हणजे आधी अ‍ॅक्सलचे प्लग खोलू, तुमचा अर्धा दिवस वाचेल.